लोकलमधली जपमाळ, घरातली उपासना

पनवेलहून सकाळी सुटणाऱ्या हार्बर लोकलमध्ये बसायला जागा मिळते, कारण गाडी इथूनच सुरू होते. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाहून जास्त वेळ हाताशी असतो. कुणी राहिलेली झोप पुरी करतं, कुणी भाजी निवडतं, एखाद्या डब्यात भजनी मंडळ रंगात आलेलं असतं. त्याच गर्दीत एखाद्या बाईच्या मुठीत छोटी जपमाळ असते. ओठ जेमतेम हलतात, अंगठा एका मण्यावरून दुसऱ्यावर सरकतो, आणि शेजारणीला पत्ताही लागत नाही. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, म्हणायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पनवेलला हातात घेतलेली माळ साधारण बेलापूर-नेरुळच्या आसपास पुरी होते.

देवाची जवळीक आणि मनाची शांती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकांत येतो. डोंगरावरचा आश्रम, पहाटेची निःशब्द वेळ, संसारातून मोकळं झालेलं माणूस. ख्रिस्ती परंपरेत मठ आहेत, मौनसाधनाही आहे. पण या परंपरेतली बहुतेक माणसं ज्या वाटेने देवाजवळ गेली ती घरातून, स्वयंपाकघरातून, कामावर जायच्या रस्त्यावरून जाते. ठरलेला थोडा वेळ, पाठ असलेले शब्द, आडपडदा न ठेवता केलेलं बोलणं आणि सोबतीला चार माणसं, एवढ्यावर ती चालते. ही वाट समजून घ्यायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. चारशे वर्षांत मराठी ख्रिस्ती माणसांनी ती इथल्याच मातीत घातली आहे.

पनवेल परिसरातला ख्रिस्ती समाज तसा पसरलेला. सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या, तसे केरळ, गोवा, तामिळनाडू, वसई, अहिल्यानगर, मराठवाडा अशा कुठकुठच्या भागांतून लोक इथे आले. एकाच इमारतीत मल्याळममध्ये प्रार्थना करणारं घर असतं, वरच्या मजल्यावर कोकणीत आणि पलीकडे मराठीत. कॅथलिक कुटुंब मिस्साला जातं, प्रोटेस्टंट कुटुंब उपासनेला. पंथ वेगळे, रीती वेगळ्या. तरी सकाळ-संध्याकाळच्या घरगुती भक्तीचा सांगाडा पाहिला तर तो बराचसा सारखा निघतो.

जपमाळ जरा जवळून पाहू. टोकाला क्रूस, मग एक मोठा मणी, तीन छोटे, पुन्हा एक मोठा, आणि त्यानंतर गोल फिरणारे दहा-दहा छोट्या मण्यांचे पाच गट. मोठ्या मण्यावर येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, छोट्यावर मरियेला वंदन. सुरुवातीचे तीन धरून एका फेरीत मरियेचं वंदन ५३ वेळा होतं. नुसतं एवढंच असतं तर ते पाठांतर झालं असतं. पण तोंडाने शब्द चालू असताना मनाने एकेका प्रसंगापाशी थांबायचं असतं. हे प्रसंग शतकानुशतकं पंधरा होते, पाच आनंदाचे, पाच दुःखाचे, पाच गौरवाचे. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी येशूच्या सार्वजनिक जीवनातले पाच प्रकाशाचे प्रसंग जोडले आणि ते वीस झाले. त्यांना वारही ठरवून दिलेले आहेत. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे, गुरुवारी प्रकाशाचे. म्हणजे मंगळवारी ऑफिसला निघालेली बाई पहिल्या दशकात गेथशेमाने बागेत असते, जिथे येशू आपल्या मरणाच्या आदल्या रात्री घामाघूम होऊन प्रार्थना करत होता आणि शिष्य पेंगत होते. तिच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी काही काळजीचं असेल, तर ती त्या बागेत एकटी नसते. माझ्या मते माळेचं खरं काम इथे होतं. बोटांना मणी मिळतात, जिभेला शब्द मिळतात, आणि एरवी चहूकडे धावणारं मन एका प्रसंगात टेकायला मोकळं होतं.

या लयीचा शरीरावर काय परिणाम होतो, हे इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं. त्यांचा निबंध २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी कधी लॅटिनमधलं मरियेचं वंदन म्हणायला लावलं, कधी 'ओम् मणि पद्मे हूम्' हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मंदावून मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी हृदयाची जी अंगभूत यंत्रणा असते तिची तत्परता वाढली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. श्वास मोजा, असं कुणीही त्यांना सांगितलेलं नव्हतं. शब्दांच्या लांबीनेच तो बांधला गेला. या प्रयोगातून देवाबद्दल काही सिद्ध होत नाही आणि बर्नार्दींचा तसा दावाही नव्हता. पण आजी माळ ओढून उठते तेव्हा तिचा चेहरा निवळलेला का दिसतो, याचं एक कारण त्यातून कळतं. शरीरही प्रार्थनेत सामील असतं.

जपाची ही रीत मराठी मुलखाला परकी वाटण्याचं काही कारणच नव्हतं. ज्ञानेश्वर-तुकोबांच्या नामस्मरणावर वाढलेला हा प्रदेश. ख्रिस्ती भक्तीला इथे बस्तान बसवायचं तर याच वळणाने यावं लागेल, हे फार लवकर ओळखलं ते एका इंग्रज माणसाने. थॉमस स्टीफन्स हा येशूसंघी धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली वारला. मधली चाळीस वर्षं त्याने गोव्यातल्या साष्टीच्या गावांतून काढली, मराठी आणि कोकणी शिकला, आणि बायबलची सगळी कथा ओवीत बांधली. ते 'क्रिस्तपुराण' रायतूरच्या छापखान्यात १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. दोन भाग, ओव्या जवळपास अकरा हजार. चर्चमध्ये रविवारी आणि सणाच्या दिवशी ते मोठ्याने वाचून दाखवत. ज्यांच्या घरातून पुराणश्रवण गेलं होतं, त्यांना पुन्हा पुराण मिळालं. पोर्तुगीज राजवटीत देवळं पडली, सक्ती झाली, तो इतिहास कटू आहे आणि तो झाकायचं कारण नाही. त्याच काळात एका परदेशी माणसाला इथल्या बायाबापड्यांच्या कानाला कोणता छंद ओळखीचा आहे याची फिकीर करावीशी वाटली, हेही तितकंच खरं.

रायगडच्या किनाऱ्यावरही ही पोर्तुगीज काळातली भक्ती टिकून आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात कॅथलिक कुटुंबं पोर्तुगीजमधून जन्मलेली स्वतःची बोली अजून घरात बोलतात. चौल-रेवदंड्याची सत्ता १७४० साली मराठ्यांकडे गेली, पोर्तुगीज निघून गेले, बोली मात्र राहिली. मुंबई, ठाणे आणि रायगडातले ईस्ट इंडियन आणि वसईचे कॅथलिक हे मराठीच्याच वेगवेगळ्या बोली बोलणारे. त्यांच्या गावठाणांत वाटेवर, चौकात क्रूस उभे दिसतात. मे महिना मरियेचा, ऑक्टोबर जपमाळेचा. अशा दिवसांत संध्याकाळी शेजारपाजारचे लोक क्रुसापाशी जमतात, मेणबत्त्या लागतात, एकजण निम्मी प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे उरलेली निम्मी. एकट्याची माळ अर्ध्यावर सुटते, झोप येते, मोबाइल वाजतो. दहा जणांत बसलं की ती पुरी होते.

प्रोटेस्टंट घरांत माळ नसते. तिथे दिवसाचा कणा म्हणजे कुटुंबप्रार्थना. रात्री जेवणाआधी किंवा नंतर सगळे बसतात, एकजण पवित्र शास्त्रातला भाग वाचतो, 'उपासना संगीत' या पुस्तकातलं एखादं गीत होतं, मग आळीपाळीने प्रार्थना. लहान मुलंही बोलतात, कधी परीक्षेसाठी, कधी शेजारच्या कुत्र्यासाठी. घरात पेटी असली तर सूर धरायला, नाहीतर टाळ्या पुरतात. ही गीतं ऐकली की ती इंग्रजीवरून आणलेली नाहीत हे लगेच कळतं. त्यांत अभंग आहेत, पदं आहेत, भजनाच्या चाली आहेत. त्यांचा फार मोठा वाटा एकाच माणसाचा आहे, आणि तो माणूस म्हणजे नारायण वामन टिळक.

टिळकांची गोष्टसुद्धा रेल्वेतच सुरू होते. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, काव्यावर गप्पा झाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही ते म्हणाले. टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे संपादक झाले, कीर्तनं केली, शेकडो गीतं लिहिली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत, आणि त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. वारकरी विठोबाला जी हाक मारतो तीच ही हाक. मिशनरी ख्रिस्ताला राजा म्हणून, न्यायाधीश म्हणून सांगत होते. टिळकांनी त्याला आईच्या जागी बसवलं आणि मराठी घरातल्या माणसाला त्याच्याशी बोलणं सोपं करून दिलं. देवाची जवळीक भाषेवर किती अवलंबून असते, हे ज्याने एकदा परभाषेत प्रार्थना करून पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही. औपचारिक भाषेत माणूस देवापुढे अर्ज करतो, घरच्या भाषेत तो रडू शकतो.

पण रोजच्या भक्तीचा जमाखर्च पाहायचा तर टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे जावं, असं मी म्हणेन. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांपैकी एक आहेतच, शिवाय ख्रिस्ती घरातल्या श्रद्धेचा एवढा खरा दस्तऐवज मराठीत दुसरा नाही. अकराव्या वर्षी लग्न, शाळा नाही, नवरा लहरी, तापट आणि मनाने मोठा. तो ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे त्याच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं सोडलं नाही, ख्रिस्ती वस्तीत राहूनही आपलं खाणंपिणं वेगळं ठेवलं. मग एका क्षणी माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला असणं शक्य नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी माणसाबद्दलचा मनातला दुरावा गेला, देवाची जवळीक मागून आली.

पुढच्या संसारात टिळकांनी घरी आणलेली अनाथ मुलं आहेत, आजारपणं आहेत, पैशांची चणचण आहे, कारण हातात आलेला पैसा टिळक दुसऱ्याला देऊन टाकत. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात देवाचे साक्षात्कार फारसे नाहीत. डबा रिकामा आहे, माणसं जेवायला येणार आहेत, त्या कुरकुरतात, भांडतात, हसतात आणि रांधायला लागतात. प्रार्थना या सगळ्यात मिसळून गेलेली आहे, तिला वेगळं कोंदण नाही. टिळक १९१९ साली गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे येशूचं ओवीबद्ध चरित्र अपुरं राहिलं होतं. टिळकांनी सुरुवातीचे अध्याय लिहिले होते. उरलेले कितीतरी अध्याय लिहून ते पुरं केलं या बाईने, जिला अक्षरओळखसुद्धा लग्नानंतर झाली होती. असं काम रोज थोडं थोडं केल्याशिवाय उभं राहत नाही. मला तर ते लेखन हीच त्यांची उतारवयातली उपासना वाटते.

लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी पॅरिसमधल्या एका मठाच्या मुदपाकखान्याची आठवण येते. सतराव्या शतकात तिथे ब्रदर लॉरेन्स नावाचे कार्मेलाइट बंधू होते. तरुणपणी सैनिक, लढाईत पाय अधू झालेला. मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाक आला, आणि स्वयंपाकाचा त्यांना मनापासून कंटाळा होता. तरी वर्षानुवर्षं तेच काम करताना त्यांनी एक साधा सराव केला. हातातलं काम देवासाठी करायचं आणि अधूनमधून मनात त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. विसरलं तर स्वतःला दोष देत बसायचं नाही, पुन्हा सुरू करायचं. प्रार्थनेची वेळ आणि भांडी घासायची वेळ यांत पुढे पुढे त्यांना फरकच वाटेनासा झाला. १६९१ साली ते वारले. त्यांची संभाषणं आणि पत्रं दुसऱ्यांनी गोळा करून छापली आणि ती आजवर वाचली जातात. पनवेलला रात्री आठ वाजता उतरून, रिक्षाच्या रांगेत उभं राहून, घरी जाऊन कुकर लावणाऱ्या माणसाला हिमालयातल्या साधनेपेक्षा हा सराव जास्त उपयोगाचा आहे.

परतीच्या लोकलसाठी येशूसंघीयांची आणखी एक रीत फार सोयीची आहे. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या माणसांना दिवसातून दोनदा दिवसाचा आढावा घ्यायला सांगितलं. स्टीफन्ससुद्धा गोव्यात हे करतच असणार, कारण तो त्यांचा नियमच होता. आढाव्याच्या पायऱ्या पाच. आज जे मिळालं त्याबद्दल आधी आभार. मग आपलं वागणं स्पष्ट दिसावं म्हणून देवाकडे प्रकाश मागायचा. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने नजरेखालून घालायचा, कुठे मन उजळलं, कुठे करपलं, कुणाला उगाच तोडून बोललो. जिथे चुकलं तिथे क्षमा. शेवटी उद्याची एखादी ठरलेली गोष्ट, तीही बारीक. 'उद्यापासून चांगलं वागेन' असं मोघम नको. 'उद्या सकाळी त्याला स्वतःहून फोन करेन' असं हवं. आभार पहिल्या पायरीवर आहेत याला कारण आहे. दिवसभर दुखावलेलं मन आढावा घ्यायला बसलं की थेट तक्रारीवर उडी मारतं. आधी पाच गोष्टींबद्दल आभार मानले की तीच तक्रार आपल्या मापाची दिसू लागते. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला कैदेतून पत्र लिहिलं, त्यातही हाच क्रम आहे. काळजी गिळून टाका, असं तो म्हणत नाही. ती आभारांसह देवापुढे मांडा, मग शांती मनाची राखण करील, असा त्याचा सांगावा आहे, आणि तो सुखात बसून दिलेला नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रोज प्रार्थना करणाऱ्याला रोज गोड वाटतं, ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यामुळे अनेकजण वाट सोडून देतात. बायबलमधली १५० स्तोत्रं ज्यू आणि ख्रिस्ती दोघांच्याही प्रार्थनेचं मूळ पुस्तक. त्यांतली निदान तिसरा हिस्सा स्तोत्रं विलापाची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस तोंड लपवणार, अशा अर्थाच्या तक्रारी तिथे उघड्या बोलल्या आहेत. जुन्या पनवेलमध्ये बेने इस्रायलींचं, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचं, बेथ एल सिनेगॉग आहे. तिथे हिब्रूत आणि इथल्या चर्चमध्ये मराठीत म्हटली जाणारी स्तोत्रं तीच आहेत. एका गावात दोन समाज शेजारी शेजारी त्याच दुःखाचे तेच शब्द देवापुढे मांडत आले, ही गोष्ट पनवेलकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. बेने इस्रायलींनीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या धर्मकथांची मराठी कीर्तनं रचली होती. या मुलखाच्या पाण्याचाच तो गुण असावा.

कोलकात्याच्या मदर तेरेसा यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खासगी पत्रं पुस्तकरूपाने आली आणि जगाला कळलं की कित्येक दशकं या बाईंना प्रार्थनेत देवाचा स्पर्श जाणवलाच नव्हता. आत काळोख होता. तरी त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि मग रस्त्यावरच्या मरणासन्न माणसांकडे जात होत्या. काहींनी याला ढोंग म्हटलं. मला तसं वाटत नाही. देव जवळ असल्याची भावना आणि देवाजवळ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर माणसाचा थोडाफार ताबा असतो. शांतीचंही तसंच आहे. विरजण लावलेलं भांडं दर दहा मिनिटांनी हलवून पाहिलं तर दही लागत नाही. प्रार्थनेला बसून 'आली का शांती' असं स्वतःला विचारत राहिलं तर तीही येत नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सतत झोप उडणं, जगणं नकोसं वाटणं, छातीत धडधड होऊन हात-पाय गार पडणं, हे आजार असू शकतात आणि त्यांना डॉक्टर लागतो. 'तुझा विश्वास कमी पडतो' असं अशा माणसाला सांगणं क्रूरपणाचं आहे. औषध घेऊन प्रार्थना करता येते. लूक हा शुभवर्तमान लिहिणारा स्वतः वैद्य होता, असं परंपरा मानते.

रोजच्या भक्तीला वर्षाचाही एक ताल असतो आणि तो घरातल्या वस्तूंतून दिसतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधून आशीर्वाद दिलेली झावळी घरी येते. क्रुसामागे, नाहीतर तसबिरीत खोचून ठेवतात आणि ती वर्षभर तिथेच वाळते. पुढच्या वर्षी उपवासकाळ जवळ आला की या झावळ्या चर्चमध्ये परत जातात, जाळल्या जातात, आणि राखेच्या बुधवारी तीच राख कपाळावर लागते. रविवार वगळून ४० दिवसांचा हा काळ. कुणी मांस-मच्छी सोडतं, कुणी चहा, हल्ली कुणी मोबाइलवरचा वेळ. सोडलेल्या गोष्टीचे पैसे किंवा वेळ गरजूला द्यायचा, हा त्यातला जुना नियम आहे आणि तोच बहुतेकदा विसरला जातो. नुसतं सोडलं तर ते पथ्य होतं.

या नियमाचं सगळ्यात भरीव मराठी रूप पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पाहायला मिळतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या आणि मुक्ती मिशन उभं केलं. तिथे दिवस प्रार्थनेने सुरू होई आणि मग विहिरी, शेती, माग, छापखाना. संस्कृतच्या या प्रकांड पंडितेने आयुष्याची शेवटची वर्षं एका कामात घातली. सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणायचं. ते करताना त्या स्वतः हिब्रू-ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायचं आणि छापायचं काम मिशनमधल्याच मुली-बायकांनी केलं. एका दुष्काळातून वाचलेल्या मुलीच्या बोटांनी शास्त्राचं पान अक्षर अक्षर जुळत होतं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. तिथल्या बायकांना प्रार्थना कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं, हे विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता, असं मला वाटतं.

ज्याला आज सुरुवात करायची आहे त्याने दहा मिनिटांच्या वर जाऊ नये. रोज एकच वेळ, एकच जागा. शुभवर्तमानातला एखादा छोटा प्रसंग हळू वाचावा, पुन्हा वाचावा, जो शब्द अडकेल तिथे थांबावं, त्यावर देवाशी बोलावं आणि मग थोडा वेळ काहीच न बोलता बसावं. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुजियन संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा याच चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. मार्काचं शुभवर्तमान सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं आहे आणि त्यापासून सुरुवात करणं सोपं जातं. सकाळ जमत नसेल तर परतीची गाडी आहे. जागा मिळाली नाही तर उभ्यानेही चालतं, दांडा धरलेला असला म्हणून काही बिघडत नाही.

आणि महिन्याभरात एकदा तरी ही भक्ती दुसऱ्यांबरोबर करावी. खारघर, कळंबोली, नवीन पनवेल, कुठेही पाहा, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी मंडळीतली कुटुंबं आळीपाळीने एकमेकांच्या घरी प्रार्थनेला जमतात. खुर्च्या कमी पडतात, सतरंजी अंथरली जाते, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जातो. गीत होतं, वाचन होतं, मग प्रार्थनेचे विषय विचारले जातात. कुणाच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी आहे, कुणाच्या मुलाची बारावी, कुणाची नोकरी गेली आहे आणि घराचा हप्ता चालू आहे. एकजण हे सगळं वहीत टिपून घेतो. प्रार्थना होते, चहा-बिस्किटं होतात, लोक शेवटच्या बस-रिक्षाच्या घाईने निघतात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी वही उघडली जाते आणि आधी मागच्या विषयांचं काय झालं ते विचारतात. ज्याची नोकरी गेली होती त्याच्यासाठी तोवर कुणीतरी दोन ठिकाणी शब्द टाकलेला असतो.